काळी हिमनदी आणि कोटातली बडीशेप

अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावर हिमनदी बघायला जायचं मी ठरवलं, आणि धाकटी जाऊ शुभा म्हणाली, "ताई, मैं भी चलूंगी." तिथेच माझा निम्मा आनंद संपला. उज्जैनच्या शाळेत तीस वर्षं मी फळ्यावर हिमनदी काढली होती. शुभाला आपण दक्षिणेकडे निघालोय हे विमानात सांगावं लागलं.

इंदूर, दिल्ली, ब्युनोस आयर्स, उशुआया आणि पुढे जहाज. दोन दिवस समुद्र खवळलेला असतो, उलटीची गोळी आधीच घ्या. मी घेतली नाही. शुभानं घेतली आणि दोन्ही वेळा पोटभर जेवली. आधी कळवलं तर शाकाहारी जेवण मिळतं, तरी उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातून सेव न्याच.

हे बेट म्हणजे समुद्रात अर्धवट बुडालेला जिवंत ज्वालामुखी. जहाज थेट त्याच्या पोटात शिरतं. उतरण्याआधी कपडे तपासतात, कारण बाहेरचं एक बीही तिथे पडता कामा नये. हा नियम मी शुभाला तीनदा वाचून दाखवला, तिचे खिसे स्वतः उलटे केले.

बडीशेप निघाली माझ्याच कोटातून. जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायची आपली सवय! दाणे फाटक्या खिशातून अस्तरात गेले होते. तपासणारी मुलगी चिमटा घेऊन बसली.

"ताई, मी थांबू का?"

"जा तू. माझ्यासाठी होडी अडवू नकोस."

ती गेली. माझा कोट साफ होईपर्यंत वारा सुटला, धुकं उतरलं, पुढच्या होड्या रद्द झाल्या. मला कठड्यापलीकडे काहीच दिसलं नाही. शुभा लालबुंद गालांनी परतली. संध्याकाळचा चहा मी वेगळ्या टेबलावर घेतला.

घरी नातेवाईक जमले. शुभा हिमनदीला "बर्फाचा पहाड" म्हणत होती. मी दोनदा सुधारलं. तिसऱ्यांदा नणंद म्हणाली, "पण वहिनी, तुम्ही तर पाहिलीच नाही ना?"

सगळे गेल्यावर कपबश्या विसळताना मी विचारलंच. "कशी होती गं?"

"काळी, ताई. सगळी राखच राख. भैरवगढच्या काळ्या छापाची जुनी रजई उसवली की आतलं निळं अस्तर दिसतं ना, बस, वैसी. भेगाभेगांतून निळी."

इतकं नेमकं मला फळ्यावर कधी जमलं नाही. जाणार असाल तर अस्तरसुद्धा झाडून घ्या. मी डोळे मिटले की हिमनदी दिसते, पण ती शुभाची.