हसू की डुलकी

"थांब हं, आलं."

असं म्हणून काका डावा हात पोटावर ठेवायचे. शिंक येणारा माणूस क्षणभर सगळ्यांना थांबवतो ना, तसे ते आधी सूचना द्यायचे आणि मग हसायचे. आवाज अजिबात नाही. गाल वर चढायचे, पोट हलायला लागायचं आणि डोळे पार नाहीसे व्हायचे. भुवया दिसायच्या, गाल दिसायचे, मधे कुठेतरी डोळे असतील असं समजायचं. तुमच्या ओळखीत असा कुणी हसणारा असेल तर त्याचा चेहरा इथे डोळ्यांपुढे आणा, कारण पुढचं सगळं रामायण त्या चेहऱ्यामुळे झालं.

काका आमच्या कंपनीच्या बसचे चालक होते. कंपनी तलासरीची, प्लास्टिकचे डबे बनवणारी. सकाळच्या पाळीच्या बायकांना घेऊन बस डहाणू रोडहून निघायची, आगर, नरपड करत किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डीपर्यंत जायची आणि तिथून आत तलासरीकडे वळायची. मी वाहतूक विभागात. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक संगणक. काका मला मॅडम म्हणायचे आणि लगेच पुढे 'तू' म्हणायचे. "मॅडम, तू जेवलीस काय?" मी जन्माची शिस्तीची बाई, पहिल्या आठवड्यात मला ते खटकलं. मग कळलं की ते कंपनीच्या मालकांनाही 'शेठ, तू' म्हणतात, आणि मी खटकून घेणं सोडून दिलं.

त्यांच्या मागच्याच सीटवर रमीला बसायची. पॅकिंग विभागातली मुकादम, जिभेला हाड नसलेली. तिची सासू मोबाइल वाजला की आधी डोक्यावरचा पदर सावरते आणि मगच 'हलो' म्हणते, ही हकिकत तिने काकांना किमान वीस वेळा सांगितली असेल. विसाही वेळा काकांना "आलं".

एके दिवशी कंपनीने सगळ्या बसमध्ये चालकासमोर एक छोटा कॅमेरा बसवला. बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आले होते, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं की हा कॅमेरा डोळ्यावर न दिसणारा उजेड टाकतो. तो बुबुळावर चमकतो आणि त्या चमकेवरून चालकाची नजर कुठे आहे ते कळतं. पापणी किती उघडी आहे, किती वेळ मिटलेली राहिली, हेही तो मोजतो. नजर रस्त्यावरून हलली किंवा डोळा लागला की यंत्र ओरडतं आणि तेवढ्या वेळची चित्रफीत माझ्या संगणकावर येऊन पडते. हीच विद्या वापरून हातपाय न हलणारी माणसं नुसत्या नजरेने पडद्यावर अक्षरं निवडतात, असंही ते म्हणाले. काका मन लावून ऐकत होते. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे डोळ्यांनी बोलतात म्हण ना," असं ते दोनदा म्हणाले.

पहिल्याच दिवशी बस कंपनीत पोचायच्या आत माझ्या संगणकावर काकांच्या सतरा डुलक्या येऊन पडल्या. बेचाळीस बायका आणि झोपलेला चालक! घाईघाईने पहिली चित्रफीत उघडली. काका हसत होते. दुसरी उघडली, हसत होते. सतराव्या चित्रफितीत रमीलाचा हातही दिसत होता, पदर सावरून दाखवणारा. गाल वर चढून डोळे झाकले गेले की यंत्राला वाटत होतं माणूस झोपला. मग यंत्रातली बाई हिंदीत बजावायची, "आप थके हुए हैं, कृपया आराम करें." काका तिला म्हणायचे, "हो गं बाय," आणि त्यांना पुन्हा हसू यायचं. की लगेच अठरावी डुलकी.

मुख्य कार्यालयाचा नियम साधा होता. महिन्यात पाच डुलक्या झाल्या की चालक गाडीवरून खाली. काकांनी तो महिना सकाळी नऊच्या आत संपवला होता. आठवड्याभरात पत्र आलंच, की पंधरा दिवसांत सुधारणा दिसली नाही तर यांना काढावं. काकांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "ती माणसं डोळ्यांनी बोलतात आणि मी डोळ्यांनी नोकरी घालवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हसायचं नाही असं ठरवलं. तोंडात लवंग धरली. बायकांनीही एकमेकींना शपथा घातल्या. बस अशी निघाली, की बघणाऱ्याला वाटावं सगळ्या कुणाला तरी भेटायला चालल्या आहेत आणि तिकडे पोचल्यावर रडायचं आहे. रमीलाने तोंडाला पदर लावला होता. नरपड गेलं, घोलवड आलं, कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या एकीला उचकी लागली. एक, दोन, तीन. चौथ्या उचकीला काकांनी लवंग गिळली. त्या दिवशीच्या डुलक्या तेवीस.

मला राग आला तो यंत्राचा नाही, माझा आला. मी एवढं सगळं बघत होते आणि नुसती पत्रं पुढे सरकवत होते. मी बस आवारात उभी करायला लावली, काकांना त्यांच्या जागेवर बसवलं, रमीलाला मागे बसवलं आणि स्वतः बसच्या पुढे वीस पावलांवर जाऊन उभी राहिले. रमीलाने सासूचा मोबाइल वाजवला. काकांना हसू आलं, डोळे गेले. मी बोटं दाखवली. आतून आवाज आला, "तीन. आता पाच. आता तू कपाळ पुसलंस." एकही चूक नाही. त्या फटीतून त्यांना सगळं दिसत होतं. मी मुख्य कार्यालयाला तसं पत्र लिहिलं, मुदत वाढवून मागितली, खाली सही केली आणि इंजिनिअरना पुन्हा बोलावून घेतलं.

ते आले आणि प्रामाणिकपणे म्हणाले की दोष यंत्राच्या शिक्षणात आहे. ज्या चेहऱ्यांवरून ते शिकलं, त्यांत असा हसणारा चेहराच नव्हता. काकांच्या हसण्याचे भरपूर नमुने मिळाले तर फरक शिकवता येईल. म्हणजे काकांनी फक्त कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि हसायचं.

आणि तिथेच गाडी अडली. आयुष्यभर नको तिथे हसलेल्या माणसाला हसायला सांगितल्यावर हसू येईना. काका खुर्चीवर ताठ बसले, फोटो काढून घ्यायला बसावं तसे. रमीलाची सासू फुकट गेली. उचकीवालीला बोलावलं, तिला उचकी येईना. इंजिनिअरनी स्वतः एक पुणेरी विनोद सांगितला. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि "चांगला आहे," असं म्हणाले. दुपार टळली. काकांचा चेहरा उतरला. नोकरी जाणार ती हसण्यापायी, आणि वाचायची असेल तर हसून, आणि तेच जमेना.

शेवटी इंजिनिअर म्हणाले, असे अवघडून बसू नका, मी दाखवतो कसं सहज बसायचं. ते काकांच्या जागी बसले. जाड चष्म्यामागचे त्यांचे बारीक डोळे त्यांनी कॅमेऱ्यावर लावले. यंत्रातली बाई म्हणाली, "आप थके हुए हैं, कृपया आराम करें."

ते दचकले. चष्मा पुसून पुन्हा बसले. बाईने पुन्हा तेच सांगितलं. टक्क जागे गृहस्थ, तिसऱ्यांदा डोळे फाडून बसले तर तिने त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"थांब हं," काका म्हणाले, "आलं."

आम्ही इंजिनिअरना अक्षरशः ओढून काढलं आणि काकांना खुर्चीत ढकललं. अर्धा तास ते हसत होते. थांबत आलं की इंजिनिअरच्या चष्म्याकडे बघायचे आणि पुन्हा सुरू. इंजिनिअरही हसत होते, मी हसत होते, रमीला तर जमिनीवर बसली होती. इतकं मी कामाच्या ठिकाणी आधी कधी हसले नव्हते आणि नंतरही नाही.

महिनाभराने यंत्र शिकून आलं. बहुतेक हसणं ते आता सोडून द्यायचं. शंका आली तरच चित्रफीत माझ्याकडे पाठवायचं, आणि खाली दोन रकाने असायचे, 'हसू' आणि 'डुलकी'. मी खूण करायची आणि माझी खूण शेवटची. आता पाचाची सवलत नव्हती, 'डुलकी'वर एक खूण झाली की चालक खाली. "शिकली पोरगी," असं काका त्या बाईबद्दल कौतुकाने सांगायचे. जवळजवळ दोन वर्षं मी रोज एखाददुसरी चित्रफीत उघडायची, काकांना हसताना बघायची आणि 'हसू'वर खूण करायची. खरं सांगते, काही वेळा खूण करून झाल्यावरही पुन्हा बघायची.

मग काकांना नात झाली. मुलगी बाळंतपणाला आगरला आली होती. नात रात्री कुणाकडे झोपेना, फक्त काकांच्या पोटावर झोपायची, कारण ते पोट सारखं हलतं राहायचं. काका हे अभिमानाने सगळ्या बसला सांगायचे. मुलगी, बायको निवांत झोपायच्या आणि काका नातीला पोटावर घेऊन जागे.

एका सकाळी चित्रफीत आली. घोलवडच्या अलीकडची. काकांचे डोळे मिटलेले होते. गाल खाली होते. मान एवढीशी पुढे झुकली आणि यंत्राने हाक मारल्यावर झटकन वर आली. दोन-तीन सेकंदं, जास्त नाही. मी ती चार वेळा बघितली. चारही वेळा गाल खालीच होते.

मी 'हसू'वर बोट नेऊन ठेवलं. कुणाला कळणार होतं? दोन वर्षं तेच लिहीत आले होते. 'डुलकी' लिहिलं की काका खाली, आणि या वयात त्यांना दुसरी गाडी कोण देणार? मी अजून तशीच बसले होते तेवढ्यात काका दारात आले. ते कधी जिना चढून वर यायचे नाहीत. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या.

"मॅडम, आजचं बघितलंस?"

"बघितलं."

"ते हसू नव्हतं."

मी म्हटलं, "काका, दोन सेकंदांची गोष्ट आहे. मी हसू लिहिते. आठ दिवस रजा घ्या, झोप काढा."

ते उभेच होते. म्हणाले, "तू आतापर्यंत लिहिलंस ते सगळं खरं होतं. म्हणून त्या बायका माझ्या मागे बसून पोरांच्या गोष्टी करतात, रस्त्याकडे बघत नाहीत. आज खोटं लिहिलंस तर मागचं पण सगळं खोटं होईल. लिही, डुलकी."

आणि त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या.

त्या दिवशी मी त्यांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडे बघितले. चांगले मोठे, तपकिरी डोळे होते. मी 'डुलकी'वर खूण केली आणि मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही. काकाच मला म्हणाले, "तू कशाला रडतेस? मी झोपलेलो."

कंपनीने फाटकावर बसायचं काम देऊ केलं, त्यांनी नको म्हटलं. बायकांनी वर्गणी काढून त्यांना पाळणा दिला. निरोपाच्या दिवशी तो बसच्या मधल्या वाटेत उभा ठेवला होता. काका त्या प्रवासात पहिल्यांदाच पाठीमागच्या सीटवर बसले, रमीलाच्या शेजारी. बोर्डीपासून आगरपर्यंत बायका पाळण्यावरून पाय टाकत उतरत होत्या आणि प्रत्येक जणी काकांचं पोट हलवून जात होती.

नवा चालक आधी ट्रकवर होता. भरघोस मिशीचा, गंभीर माणूस. महिनाभर त्याची एकही चित्रफीत आली नाही. माझा पडदा स्वच्छ, आणि मला सकाळी काही काम नाही. मग अचानक रोज एक इशारा यायला लागला, रोज त्याच वेळी, आगरच्या वळणावर. 'नजर रस्त्यावर नाही.' चित्रफितीत त्याची बुबुळं उजवीकडे जायची, तिथेच राहायची, आणि मिशीची दोन्ही टोकं हळूहळू वर जायची. मी त्याला बोलावून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, रस्त्याच्या कडेला एक काका तान्ह्या पोरीला घेऊन उभे असतात आणि तिचा हात धरून टाटा करायला लावतात. "मी ठरवतो बघायचं नाही म्हणून. पण ते हसतात ना, मॅडम."

चालत्या गाडीतून बघणं चालणार नाही, हे मी त्याला सुनावलं. मग आगरच्या वळणावर एक नवा थांबा नोंदवून टाकला, अर्ध्या मिनिटाचा. मुख्य कार्यालयाने विचारलं, तिथून किती जणी चढतात. मी कळवलं, एकही नाही, पण थांबा ठेवावा. एवढं धाडस मी नोकरीत दुसऱ्यांदा केलं.

ते अर्धं मिनिट मी आता चुकवत नाही. कॅमेरा फक्त चालकाकडे बघतो, त्यामुळे काका मला दिसत नाहीत. दिसतो तो नवा चालक, काच खाली करणारा. परवा त्या खिडकीतून एक इवलीशी मूठ आत आली आणि तिने त्याची मिशी गच्च पकडली. मुठीमागे पोरीला धरलेले दोन ओळखीचे हात होते, फक्त मनगटापर्यंत. ते हात पोरीसकट गदगदा हलत होते.