शनिवारी शिजवलेला रस्सा

२००५च्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, आईने केलेला कोउराचा रस्सा इतका खारट झाला की पहिल्या घोटानंतर टेबलाभोवतीच्या कोणीही दुसरा घेतला नाही. कोउरा म्हणजे न्यूझीलंडच्या ओढ्या-तळ्यांत मिळणारा गोड्या पाण्यातला क्रेफिश. दिसायला शेवंडीचं, म्हणजे लॉब्स्टरचं, धाकटं भावंड, रंगाने काळपट हिरवा.

आई तेव्हा आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, जॉन्सनव्हिलला आली होती. जुलैमध्ये आम्हाला बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून बायकोची आई यायची होती, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून माझी आई आली. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. एप्रिल संपता संपता तिने ते अलीकडे आणायला सांगितलं आणि मेअखेरची जागा मिळाली. कारण तिने एकदाच सांगितलं.

"इथे माझ्या हाताला काम नाही रे."

भांडी मशीनमध्ये धुतली जात, कपडे मशीनमध्ये वाळत. आल्या आल्या तिने एकदा लसणाची फोडणी दिली तेव्हा स्मोक अलार्म वाजला. तेव्हापासून ती शेगडीपाशी गेली नव्हती. बायकोने तिकिटाबद्दल तिला काही विचारलं नाही. मला विचारलं, मग आपलं कोण करणार.

शेजारचा माणूस माओरी होता, बस चालवायचा. एका संध्याकाळी तो गाडीतून बादली उतरवत होता. आई कुंपणापाशी उभी होती. त्याने नेहमीप्रमाणे किया ओरा म्हटलं, आईने नमस्कार केला आणि बादलीत डोकावली. मग कुंपणावरून हात घालून तिने एक कोउरा नांग्यांच्या मागे, पाठीला धरून उचलला. तो नांग्या फाकवून हवेत हात मारत राहिला. तिला काही करू शकला नाही.

"हा खेकडाच आहे," ती मला म्हणाली. "फक्त ताणून लांब केलाय."

आईचं माहेर महाडजवळ, घाटाच्या पायथ्याचं. लहानपणी ती बहिणींबरोबर ओढ्यावर मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, पकडायला जायची. काठीच्या टोकाला गांडुळांची माळ बांधायची, ती दगडाच्या कपारीत धरायची, खेकड्याने पकडली की अलगद ओढायची. हे तिने शेजाऱ्याला हातवाऱ्यांनी सांगितलं आणि मधलं मधलं मी इंग्रजीत सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी आंटीलाही घेऊन या म्हणाला. त्याच्या मामाच्या शेतात ओढा होता, गाडीने दोनेक तासांवर. तो वयाने मोठ्या प्रत्येक बाईला आंटी म्हणायचा. आईला त्यात काही नवल वाटलं नाही.

शनिवारी आईचा उपास असतो. तरी ती येते म्हणाली. आणि मसाला, सुकं खोबरं आणि तांदळाचं पीठ तिने शुक्रवारीच डब्यांत भरून ठेवलं होतं.

मामाच्या शेतातला ओढा पुढे बांध घालून अडवला होता आणि तिथे तळं झालं होतं. कोउरा धरायची त्यांची पद्धत अशी: नेच्याच्या फांद्यांचे भारे बांधायचे, एका लांब दोरीला अंतराअंतरावर लावायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. आमिष नाही. कोउरा आसऱ्याला आपणहून त्यात शिरतात. काही आठवड्यांनी भारा सावकाश वर घ्यायचा, खाली जाळी धरायची आणि झटकायचा. आईने जाळीची एक बाजू धरली. पाणी बर्फासारखं होतं. बायकोने तिला आपले हातमोजे दिले, ते तिने खिशात ठेवले.

शेजारी प्रत्येक कोउरा उलटा करून बघत होता. शेपटीखाली अंडी असलेली मादी तो लगेच पाण्यात सोडायचा. आईने अशीच एक डब्यात टाकली होती, ती त्याने काढली.

"गाभोळीची आहे ती," आई मला मराठीत म्हणाली. "आमच्याकडे आधी हीच उचलतात."

मी हे त्याला सांगितलं नाही. त्याने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्याने मादीची शेपटी बोटाने उलगडून तिला दाखवली आणि मग बायकोच्या पोटाकडे मानेने खूण केली. आई हसली. पुढची अंडीवाली तिनेच सोडली.

मामाच्या बायकोने, म्हणजे शेजाऱ्याच्या मामीने, अंगणात चुलीवर मोठं भांडं ठेवलं होतं. कोउरा त्यात उकळून लाल झाले. अर्धे त्यांच्या पद्धतीने ब्रेड-लोण्याबरोबर खायचे, अर्धे आईने करायचे, असं ठरलं. आम्ही पुरुष तोवर लाकडं फोडायला गेलो. पुढे काय झालं ते बायकोने पाहिलं. आईने शेपट्या सोलून बाजूला ठेवल्या. डोकी आणि पाय मिक्सरमधून काढून, गाळून त्याचा रस घेतला, मुठ्यांचा काढतात तसा. उकळलेलं पाणीही टाकून द्यायचं नाही म्हणून तेच रश्शाला घेतलं. फोडणी दिली, वाटण परतलं, तांदळाचं पीठ लावलं, आणि रोजच्या सवयीने तळहातावर मीठ घेऊन टाकलं. उपास असल्याने चाखलं नाही. मामीने त्या पाण्यात आधीच मुठी मुठी मीठ घातलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. आमच्याकडे खेकडे मिठात उकडून घेत नाहीत. कच्चेच रश्शात जातात.

पहिला घोट मामाने घेतला. तो ऐंशीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने वाटी खाली ठेवली, पाणी प्यायला आणि भाच्याकडे वळून म्हणाला, "तू मला सांगितलं होतंस की ही बाई डोंगरातली आहे. ही तर समुद्र घेऊन आली."

सगळे हसले. आईला शब्द कळले नाहीत, वाट्या दिसल्या. तिने मला विचारलं, मी खारट झालंय एवढंच सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली आणि भांड्याकडे बघत उभी राहिली. मी तिथे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बघ. एक काम मिळालं, तेही धड झालं नाही."

मामी मागून आली. चाखलं नव्हतं का, असं तिने मला विचारलं. मी शनिवारचं सांगितलं. मग तुझी आई दिवसभर काय खाते, हा तिचा पुढचा प्रश्न. मी उपासाचे पदार्थ सांगू लागलो आणि रताळ्याशी आलो तेव्हा तिने मला थांबवलं. ती घरात गेली आणि कुमाराने भरलेली टोपली घेऊन आली. कुमारा म्हणजे इथलं रताळंच. दोन तिने निखाऱ्यात आईसाठी भाजायला टाकली. उरलेली आईने पाहिली आणि सुरी मागितली.

रस्सा खारट झाला की आई एरवी बटाटा टाकायची. तिने कुमारा सोलून मोठ्या फोडी केल्या, अर्धा रस्सा काढून ठेवला, उरलेल्यात साधं पाणी वाढवलं आणि फोडी शिजू दिल्या. मामीने कपाटातला नारळाच्या दुधाचा डबा उघडून ओतला. या वेळी आईने मामीला चमचा दिला. मामीने चाखलं, थोडं थांबली, परत चाखलं आणि डबा आणखी एक उघडला.

दुसऱ्यांदा वाढलेला रस्सा संपला. मामाने वाटी ब्रेडने पुसून घेतली. बायकोला आईने रस्सा दिला नाही; या दिवसांत उष्ण पडतो म्हणाली. बायकोने त्यातल्या कुमाराच्या फोडी तेवढ्या खाल्ल्या, आईने निखाऱ्यातली दोन लोणी लावून.

निघताना मामीने बायकोला जवळ घेतलं आणि बाळ झाल्यावर घरात स्वयंपाक कोण करणार असं विचारलं. बायको माझ्याकडे बघू लागली. मी उत्तर द्यायच्या आत आई तिच्या इंग्रजीत बोलली.

"आय कुक."

गाडी हायवेला लागल्यावर मागच्या सीटवरून आईने विचारलं, तिकीट परत पुढे नेता येतं का. येतं, असं बायकोने सांगितलं. मग आईने अळीव कुठे मिळतील ते विचारलं, आणि स्मोक अलार्म काढून ठेवता येतो का तेही. तो काढता येत नाही, पण गॅरेजमध्ये वेगळी शेगडी लावू, असं ठरलं.

काढून ठेवलेला अर्धा रस्सा मामीने बरणीत भरून दिला होता. रविवारी आईने त्यात पाणी आणि बटाटा घालून तो भाताबरोबर खाल्ला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. आई सप्टेंबरच्या शेवटी परत गेली. त्याच्या आदल्या शनिवारी शेजाऱ्याने कोउरांची बादली आणून दिली होती. आईने गॅरेजमध्ये रस्सा केला, भांडं कुंपणापलीकडे पाठवण्याआधी मला हाक मारली आणि माझ्या हातात चमचा दिला. मीठ बरोबर होतं.