रिकाम्या विद्यापीठातले ऑर्गन

मेंढीचं चामडं, मेण आणि जुनं लाकूड यांचा एक संमिश्र गंध असतो. त्या हिवाळ्यात मेलबर्नच्या आमच्या विद्यापीठातल्या संगीत विभागाचं दार उघडलं की आधी तो गंध सामोरा येई, मग थंडी अंगाला भिडे आणि सर्वांत शेवटी शांतता जाणवे. विद्यार्थ्यांवाचूनची विद्यापीठं तुम्ही पाहिली आहेत का? पायऱ्यांवर पानं साचलेली, फलकावर केव्हाच्या तरी मैफलीची जाहिरात तशीच डकवलेली, आणि उंच खिडक्यांतून उतरणारं फिकट ऊन कुणाचीही वाट न पाहता रिकाम्या खुर्च्यांवरून सरकत जाणारं. त्या उन्हात समोरच्या भिंतीवरच्या नळ्या मंद उजळत. हाताच्या करंगळीएवढ्या नळीपासून नारळाच्या खोडाएवढ्या नळीपर्यंत सगळ्या ओळीने उभ्या, आणि सगळ्या मुक्या.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीताच्या बैठकीतला ऑर्गन आठवतो. तो धातूच्या पात्यांवर बोलतो. हा नळ्यांवर बोलतो. एकेक नळी म्हणजे एकेक बासरी, आणि अशा शेकडो बासऱ्यांना एकाच वाऱ्याने फुंकर घालणारं हे वाद्य. आमच्या विद्यापीठाने असे पाच ऑर्गन जमवले आहेत. एक सभागृहाची अख्खी भिंत व्यापणारा. दोन सरावाच्या खोल्यांत, विद्यार्थ्यांच्या चुका पोटात घालणारे. एक चाकांवरचा, कपाटासारखा इकडून तिकडे ढकलता येणारा. आणि पाचवा सभागृहाच्याच कोपऱ्यातला, गर्द तांबूस लाकडाचा, फार पूर्वी इंग्लंडहून जहाजाने आलेला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा. वयाने तो सर्वांत थोरला, पण त्याच्या चणीमुळे मी त्याला धाकटा म्हणत असे.

मी संगीतातला माणूस नव्हे. इमारतींना हवा पुरवणं, ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार ठेवणं, हा माझा व्यवसाय. विद्यापीठ बंद झालं, प्राध्यापक घरून शिकवू लागले, तरी माझ्यासारख्यांना कामावर जावंच लागे. परवान्याचा कागद खिशात ठेवून मी पॉइंट कुक या उपनगरातल्या घरून निघायचो, निर्मनुष्य फ्रीवेवरून गाडी हाकायचो आणि एकेक इमारत तपासत हिंडायचो.

त्या वर्षी भारतात करोनाची दुसरी लाट आली होती. वसईला माझे बाबा त्या लाटेत गेले. प्राणवायूची नळकांडी मिळेपर्यंत उशीर झाला. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या एकेका खोलीत किती हवा खेळते याची काळजी वाहणारा मी, आणि माझ्या बापाला हवा अपुरी पडली. या वाक्यापाशी मी पुष्कळदा आलो आणि पुष्कळदा तिथूनच मागे फिरलो. सीमा बंद होत्या, जाता येणं शक्य नव्हतं. माझी बहीण लीना आईजवळ राहते. तिने फोनवर दफनविधी दाखवला. पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेली चार माणसं, दूर उभे असलेले फादर, आणि पाऊस नसताना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बाबा.

माझी आई आमच्या चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवत आली. गावातली लग्नं, बाप्तिस्मे, रविवारच्या प्रार्थनेच्या मिस्सा, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. गावातलं एकही माणूस तिच्या सुरांवाचून मातीआड झालं नव्हतं. मृतांच्या मिस्सेत सर्वांत शेवटी निरोपाचं गीत असतं, ते वाजवताना ती कधी रडली नाही, कारण रडलं की ठेका चुकतो. आणि तिच्या स्वतःच्या माणसाची वेळ आली तेव्हा चर्चला कुलूप होतं. बाबा सुराविना गेले. त्या दिवसापासून आई बोलेनाशी झाली. फोन केला की "जेवले", "झोपते", "बरं आहे", एवढंच. लीना म्हणाली, "दादा, ती घरातल्या ऑर्गनवरचं फडकंसुद्धा काढत नाही. मी काढलं तर पुन्हा घालून ठेवते."

अशात एके सकाळी मला रूथचा फोन आला. रूथ म्हणजे त्या पाच ऑर्गनची राखणदार. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची, निवृत्त होऊनही त्यांच्या देखभालीसाठी येत राहिलेली. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची तेव्हा बंदी होती आणि ती राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"अँथनी, रिकाम्या इमारतींची हवा बंद करणार असं ऐकलं. खरं का?"

"खरं आहे. वरून तसं सांगणं आलंय."

"तसं करू नका. ओल धरली की लाकूड फुगतं. मग तुम्ही एकदम उष्णता सोडाल आणि ते तडकेल. आणि कुणीतरी ऑर्गन वाजवायलाही हवेत. नुसते पडून राहिले की चामडं ताठतं, पट्ट्या अडकतात." मग तिने विचारलं, "तुला वाजवता येतं का रे?"

"लहानपणी आईने शिकवलं होतं. आता काही उरलं नसेल."

"थोडं उरलं असेल तरी पुरे," ती म्हणाली.

मी माझ्या साहेबाकडे, डॅनकडे गेलो. "तिथे माणूस नाही, मग कुणासाठी हवा चालवायची?" त्याने विचारलं. त्याचंही चूक नव्हतं. मी म्हणालो, "वाद्यांसाठी." तो म्हणाला, "माझी मुलगी व्हायोलिन वाजवते. तीही खोली गार पडली की कुरकुरते. सकाळी थोडा वेळ चालू ठेव, मी वरच्यांना सांगतो."

असा मी, हवेचा माणूस, सुरांच्या दारात जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मोठ्या ऑर्गनची मोटर सुरू केली, एक पट्टी दाबली, आणि तिचा सूर बोट उचललं तरी थांबेना. रिकाम्या घरात एकटंच मूल हंबरडा फोडून रडावं तसा तो सूर त्या सभागृहात घुमत राहिला. फोनवरून रूथ शांतपणे म्हणाली, "घाबरू नकोस. पट्टीवर दोनदा टिचकी मार. रुसली असेल." खरोखरच तो सूर थांबला. आठवड्यामागून आठवडे मी पाचही ऑर्गनपाशी पाळीपाळीने बसू लागलो. बोटांना जुन्या वाटा सापडत गेल्या. स्मृती डोक्यात असते असं आपण मानतो. मला तर वाटतं, तिचा बराचसा भाग बोटांच्या पेरांत वस्तीला असतो आणि बोलावणं आल्यावाचून तो बाहेर येत नाही.

एकदा मी धाकट्यापाशी बसलो असताना लीनाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन समोर टेकवून ठेवला आणि म्हणालो, "दोन मिनिटं थांब, एवढं वाजवून संपवतो." आई मागे खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी रविवारच्या मिस्सेतलं एक साधं गीत वाजवत होतो. संपत आलं तेव्हा फोनमधून आवाज आला.

"डावा हात जड पडतोय."

माझे हात जागीच थबकले. आईने मान वळवली होती.

"एवढा दाबून धरलास तर गाणाऱ्यांनी गायचं कुठे? पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवलं. लीना पदराने डोळे पुसत पडद्याबाहेर गेली ते मला दिसलं. आईला दिसलं नाही. तिचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे होतं.

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. पुढे रूथलाही मी त्याच कॉलवर घेऊ लागलो. एका चौकटीत वसईची आई, दुसरीत मेलबर्नची रूथ, आणि मध्ये पन्नाशी उलटलेला मी, दोघींची बोलणी खाणारा. आईला इंग्रजी फारसं येत नाही, रूथला मराठीचा गंध नव्हता. पण माझं बोट चुकलं की दोघींच्या भिवया एकाच क्षणी वर जात. आईचा "हळू" हा शब्द रूथने उचलला. "हाळू, अँथनी, हाळू," ती म्हणायची. आई तिला रूथबाई म्हणू लागली. कॉल लागला की आधी विचारायची, "रूथबाई आल्या का?" मी नुसता दिसलो तर तिचा चेहरा किंचित उतरायचा.

ऑगस्टमध्ये बाबांचा वाढदिवस येतो. त्याच्या थोडं आधी आई म्हणाली, "अंतोन, त्या दिवशी ते वाजवशील?" कोणतं, हे तिने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

"मोठ्या ऑर्गनवर वाजवू का?" मी म्हणालो. "सगळं सभागृह भरून जातं."

"नको. बाबांना मोठा आवाज सोसायचा नाही. त्या लहानावर वाजव."

वाढदिवसाच्या त्या दुपारी पुन्हा लॉकडाउन होता. धाकट्याच्या नळ्यांपुढची लाकडी दारं उघडून मी फोन त्याच्या माथ्यावर ठेवला. वसईला तेव्हा सकाळ होती. आई केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून, बाबांच्या तसबिरीशेजारी बसली होती. लीना तिच्यामागे उभी होती. रूथ तिच्या घरी, टेबलावर दोन्ही हात ठेवून. मी निरोपाचं गीत सुरू केलं आणि आई गाऊ लागली. हे ठरलं नव्हतं. तिचा आवाज सुताएवढा बारीक झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. अडचण निराळीच झाली. समुद्रापलीकडून तिचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा पोचत होता. मी एका ओळीवर, ती मागच्या ओळीवर. तिला गाठायला मी गती कमी केली, तशी तीही मंदावली, आणि गीत लडखडू लागलं.

"तिच्यासाठी थांबू नकोस," रूथ हलकेच म्हणाली. "ती तुला ऐकते आहे. तिच्या बाजूला तुम्ही दोघं बरोबरच आहात. तू पुढे जात राहा."

आईचा आवाज मागे ठेवून पुढे जाणं मला जमेल असं वाटलं नव्हतं. पण मी डोळे मिटले, तिच्या ओळीकडे पाठ फिरवली आणि वाजवत राहिलो. माझी शेवटची ओळ संपली, हात मांडीवर आले, सभागृह निःशब्द झालं, आणि त्या निःशब्दतेत आईची शेवटची ओळ एकटीच आली, पूर्ण झाली, थांबली.

"झालं," ती म्हणाली. "आता नीट पोचवलं त्यांना."

मग रूथ सांगू लागली. आदल्या वर्षी तिचा नवरा हॅरी गेला. दहाच माणसांना परवानगी होती. छोट्याशा खोलीत, एका स्पीकरवर कुणाचं तरी ध्वनिमुद्रण लावलं आणि ते अर्ध्यातच बंद पडलं. "आयुष्यभर मी लोकांसाठी वाजवलं," ती म्हणाली, "आणि हॅरीसाठी एक बटण दाबलं." इतके महिने मी तिच्याशी रोज बोलत होतो. यातलं अवाक्षरही तिने काढलं नव्हतं.

"काय म्हणाल्या त्या?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आईने थोडा वेळ तसबिरीकडे पाहिलं. मग पदर नीट केला, पाठ ताठ केली.

"मग हात खाली कशाला घेतलेस? त्यांच्या माणसासाठी पण वाजव. त्यांना म्हणावं, नाव काय ते परत सांगा, मला म्हणता येत नाही."

रूथने नाव सांगितलं. आईने ते दोनदा घोळवलं, हारी, हारी. मी पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आई मराठीतून एका अनोळखी ऑस्ट्रेलियन माणसाला निरोप देत होती. दुःख वाटल्याने कमी होतं असं म्हणतात, पण मला तसं दिसलं नाही. दोघींचं दुःख होतं तेवढंच राहिलं. फक्त आता त्याच्याजवळ बसायला कुणीतरी होतं.

दुसऱ्या वर्षी सीमा उघडल्या आणि सप्टेंबरात, इथल्या वसंतात, आई मेलबर्नला आली. तिची बोटं सांध्यांत वळली होती, तरी विमानतळावरून घरी जाताना गाडीतच तिने विचारलं, "लहान ऑर्गन कधी दाखवतोस?" विद्यापीठ पुन्हा गजबजलं होतं. हिरवळीवर मुलं लोळत होती. रूथ सभागृहाच्या दारात उभी होती. दोघी समोरासमोर आल्या आणि एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. दुभाष्याचं काम माझं होतं, पण त्यांनी मला काही भाषांतर करायलाच दिलं नाही.

आई धाकट्यापुढे बसली. मोटर सुरू होती. तिने दोन-तीन सूर लावून पाहिले आणि थांबली. "काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. बाकाखाली तिचे पाय चुळबुळत होते. जन्मभर तिने भाता पायाने हाकला होता; आयत्या हवेवर तिचा हात बसेना. रूथने ते पायांवरूनच ओळखलं. ती गुडघ्यांवर बसली, खालची एक लाकडी फळी सरकवली आणि आतला जुना लोखंडी पायटा बाहेर ओढला. वीज येण्याआधी वाजवणारा त्यानेच हवा भरत असे. मग तिने मोटर बंद केली.

आईने पाय टेकवला. कण्हल्यासारखा आवाज होऊन भाता वर आला. वाकड्या बोटांनी तिने जे सुरू केलं ते ऐकून मी चकित झालो. निरोपाचं नव्हे, ते आमच्या गावाकडचं लग्नाचं गीत होतं, नवरानवरी दारात येताना वाजवतात ते. मधूनमधून सूर चुकत होते, पण ठेका मात्र पक्का होता.

"हे कोणतं?" रूथने मला विचारलं.

"लग्नातलं आहे."

ती ऑर्गनच्या लाकडावर तळवा ठेवून तशीच उभी राहिली. आईने न थांबता, मान न वळवता मला सांगितलं, "रूथबाईंना खुर्ची दे. अजून दोन कडवी आहेत."