अनिसेतोचा डराव

आपुरेच्या पाणथळ माळावर अनिसेतोइतका गोल माणूस नव्हता आणि त्याच्या बायकोइतकी, ब्रीहिदाइतकी, उंच बाई नव्हती. तो गुरं राखायचा, पण जीव अडकलेला बेडकांत. बेडकाचा आवाज असा काढायचा, की खरे बेडूक त्याला उत्तर द्यायचे.

ब्रीहिदाला आवडायचे करकोचे. मक्याच्या जाड भाकऱ्या, अरेपा, थापताना ती म्हणायची, "करकोचा बघ. तासन्‌तास उभा असतो, पण तोंडातून ब्र काढत नाही. तुझा बेडूक चिखलात बसून नुसता गळा काढतो."

"म्हणून तर करकोच्याला कुणी विचारत नाही. बेडूक बोलला की पाऊससुद्धा ऐकतो."

एका सकाळी शेजाऱ्यांना आपली कला दाखवायला अनिसेतो तळ्यात गळ्यापर्यंत बसला आणि डरावडराव करू लागला. सगळ्या तळ्याने साथ धरली. तेवढ्यात पलीकडून एक थोराड करकोचा सावकाश चालत आला. त्याने मान वाकडी करून पाण्यावरचं टक्कल न्याहाळलं आणि टोच मारली.

अनिसेतो बोंबलत काठावर आला. ब्रीहिदाने हसू दाबत जखमेवर कॉफीची पूड दाबली.

"बघितलंस?" तो विव्हळत म्हणाला. "तुझा करकोचासुद्धा माझं गाणं ऐकायला आला."

"ऐकायला नाही रे, जेवायला आला होता."

"म्हणजे आवाज अस्सल होता ना?"

 शेजाऱ्यांनी निकाल अनिसेतोच्या बाजूने दिला. डोक्याला फडकं बांधून तो गावभर मिरवला. आंघोळ मात्र घरामागच्या पिंपापाशीच करू लागला.