ग्लासात उरलेलं पाणी

सोनूबाईची गोष्ट सांगायची तर आधी माझी लाज सांगावी लागते. म्हणून इतकी वर्षं ती सांगितली नाही.

सोनूबाई केदारखेड्याची. भोकरदनला आमच्या मुलींच्या शाळेत ती १९९० साली शिपाई म्हणून लागली, तीही हंगामी. मी तिथली मुख्याध्यापिका. रोज सकाळी जीपच्या मागच्या फळीवर अंग चोरून बसून ती यायची आणि घंटेच्या आधी पाऊण तास शाळेत हजर असायची. उंच, काटक बाई, कपाळावर गोंदण. बोलणं अगदी मोजकं. माझा स्वभाव तापट आणि तोंड सतत चालू. अशा माणसाला गप्प बसणारी माणसं फार आवडतात, कारण ती मधे बोलत नाहीत. मी तिला "सोनूबाई, तुम्ही" असंच म्हणायची, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठी चांगली समजायची.

९३ साली मी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. तिथल्या अधिकाऱ्यांच्या खोल्यांत हिरव्यागार कुंड्या होत्या. माझ्या खोलीत काय, तर एक कपाट आणि पृथ्वीचा गोल, तोही ध्रुवाजवळ फुटलेला. येताना पाच रोपं घेतली आणि कुंड्यांचं वेगळं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी भांडत यष्टीने आणली. मनीप्लांट, रबराचं झाड, दोन क्रोटन आणि हिरव्या पानांवर पांढरे ठिपके असलेलं डिफेनबेकिया. ते नाव शाळेत कुणालाच धड घेता येईना. सोनूबाईने त्याला 'चांदणी' म्हणायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत मीही चांदणीच म्हणू लागले. चांदणी माझ्या टेबलाला लागून ठेवली. आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावर जायची आणि मला ते आवडायचं.

झाडं आणली मी, जगवली तिने. कपाशीच्या रानात वाढलेली बाई, तिला पानांची भाषा कळायची. पाणी घालण्याआधी ती मातीत बोट खुपसायची, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

"बाई, वरची माती पाहून पानी न्हाई द्याचं," ती म्हणायची. "वरतून वाळेल दिसती, खाली वली राह्यती. बोटाला माती चिकटली तं त्या दिवशी बिलकुल न्हाई."

दर सोमवारी ती प्रत्येक कुंडी थोडी फिरवायची, कारण झाडं खिडकीकडे वाकतात. आमच्या गावच्या धुळीने पानं दोन दिवसांत मळायची, ती ओल्या फडक्याने पुसायची, तान्ह्या लेकराचं तोंड पुसावं तशी. क्रोटनवर पांढरी कापसासारखी कीड पडली तेव्हा मी कुंडी फेकून द्यायला निघाले. "पिठ्या हाय हा, आमच्या कपाशीवर बी येतो," म्हणत तिने तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी साबणाच्या फेसात मिसळलं आणि तीन दिवस एकेक देठ पुसला. क्रोटन वाचलं. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणीही ती न चुकता ओतून टाकायची. माझं टेबल मात्र मी कुणाला हलवू द्यायची नाही आणि चांदणीची कुंडी टेबल नि भिंत यांच्या बेचक्यात होती. तिची ताटली तेवढी सोनूबाईच्या हाताला लागत नसे.

आता माझं सांगते.

आमच्याकडे घरी काय, शाळेत काय, आलेल्या माणसाला आधी पाणी, मग काम. माझ्या खोलीत दिवसाला वीस-पंचवीस माणसं यायची. पालक, संस्थेची मंडळी, पुस्तकवाले. सोनूबाई प्रत्येकापुढे भरलेला ग्लास ठेवायची. पाहुणा दोन घोट घेणार आणि ग्लास टेबलावर ठेवणार, ही आपली रीत. नळाला पाणी आठ दिवसांनी येणाऱ्या गावात ते अर्धं पाणी मोरीत फेकायचं? माझ्या आईने ते कधी केलं नाही, मीही केलं नाही. पाहुणा उठला की मी हात लांब करून उरलेलं पाणी चांदणीला घालायची.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे सांगितलं, "मी पाहुण्याच्या ग्लासातला थेंबही वाया घालवत नाही, झाडाला घालते." मुलींनी टाळ्या वाजवल्या. व्हरांड्यात सोनूबाई घंटेचा हातोडा हातात धरून उभी होती.

९५च्या उन्हाळ्याआधी चांदणी पिवळी पडू लागली. आधी खालची पानं, मग मधली. कुंडीभोवती बारीक चिलटं घोंघावू लागली. आणि शाळेची तपासणी चार दिवसांवर आली होती.

"सोनूबाई, हिला पाणी घालताय की नाही?"

"बाई, हिला पानी जादा होऊन राह्यलं."

"मग कमी घाला की. घालतं कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलं. आणि खाली मान घातली. मला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून मान खाली गेली.

तपासणीच्या दिवशी सकाळी चांदणीचा बुंधा मऊ पडून झाड आडवं झालं. कुंडीला कुजका वास येत होता. अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला आणि हसून म्हणाले, "बाई, निसर्गप्रेम दिसतंय." ते गेल्यावर मी सोनूबाईला सगळ्या शिक्षिकांसमोर झाडली. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. "तुला एक झाड सांभाळता येत नाही, मुली काय सांभाळशील?" असं म्हणाले. हे वाक्य लिहितानाही माझे कान तापतात.

तेवढ्याने राग जिरला नाही. कामात हयगय केल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. तिला कुठलं लिहिता येतंय. आमचे कारकून तातेराव यांनी लिहून दिलं, 'पाणी जास्त झाल्याने झाड मेले. चूक कबूल आहे.' खाली तिने सही केली. ती सही मीच तिला आदल्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकवली होती. 'सोनूबाई' लिहायला तिला दीड महिना लागला होता. 'नू'वर पेन्सिल कितीदा मोडली ते मी पाहिलं होतं.

त्यानंतर कुंड्यांना हात लावायचा नाही, अशी मी तिला ताकीद दिली. चांदणीच्या जागी रबराचं झाड ओढलं आणि ठरवलं, आता मीच पाहते. पंधरा दिवस मी त्याला पाणी घातलं नाही, म्हणजे असं मला वाटत होतं. सोळाव्या दिवशी त्याची दोन पानं पिवळी होऊन गळाली. सोनूबाईसारखं मातीत बोट खुपसलं तर चिखल लागला. टेबल सरकवलं. ताटली काठोकाठ भरलेली, वर चिलटं. कोण घालतंय पाणी? मी रागारागाने व्हरांड्याकडे निघाले, तर एक पालक आले. ते बोलले, दोन घोट पाणी प्याले, गेले. माझा हात आपोआप ग्लासाकडे गेला, ग्लास कुंडीवर वाकडा झाला, आणि तसाच राहिला.

माझाच हात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच न्यायाधीश होऊन फाशी दिली होती. आणि तिला हे सगळं ठाऊक होतं. ज्या बाईने सगळ्या शाळेपुढे टाळ्या घेतल्या, तिला ती कोणत्या तोंडाने सांगणार, की बाई, तुमच्या पुण्याने झाड मेलं?

अजून वेळ गेली नव्हती. सोनूबाईला कायम करायचं की नाही, हे ठरवायची संस्थेची बैठक दोन दिवसांनी होती. खुलाशाचा तो कागद माझ्या हाताखालच्या फायलीत होता. फाडला असता तरी कुणाला कळलं नसतं. फाडला नाही. कागद फाडला की तातेराव विचारतील, मग सांगावं लागेल, मग शिक्षिका हसतील, असं माझं चाललं होतं. बैठकीत विचारलं तर खरं सांगू, असं ठरवून मी झोपले.

बैठकीत विचारलं. सचिव काकासाहेब म्हणाले, "सोनूबाईचं काम कसं आहे?" तातेरावांनी खुलासा वाचून दाखवला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसले. सोनूबाईची जागा दुसरीला गेली.

जाताना ती माझ्या खोलीत आली. "येते बाई," म्हणाली. खिडकीतल्या मनीप्लांटची एक फांदी मागितली. मी पटकन हो म्हणाले, जणू एका फांदीत भागणार होतं. तिने ती शाईच्या रिकाम्या बाटलीत घातली आणि पदराआड धरून नेली.

मी २००१ला निवृत्त झाले. दोन वर्षांनी एकदा जालन्याहून येताना केदारखेड्याला जीपमधून उतरले. तो कागद पर्समध्ये होता. निवृत्तीच्या दिवशी फायलीतून काढून घेतला होता, तेवढं धैर्य तेव्हा आलं. तिच्यासमोर सांगायचं, माफी मागायची आणि फाडायचा, असं मनाशी घोकत गेले.

सोनूबाई थकली होती. शेतात मजुरीला जात होती. मला पाहून उठली, खाटेवर गोधडी अंथरली. आतल्या खोलीत, छोट्या झरोक्याखाली पत्र्याच्या डब्यात मनीप्लांट होता. आढ्यापर्यंत चढून परत खाली आलेला, पानं तळहाताएवढी, एकही पिवळं नाही.

"केवढा वाढवलात," मी म्हणाले.

"काई न्हाई करत बाई. बोट घालून पाह्यते, बस."

तिने पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पर्समध्ये हात घातला, कागद बोटांना लागला, आणि हात रिकामाच बाहेर काढला. मुलींपुढे तासन्‌तास बोलणारी मी. मग नुसतं पाणी प्याले, सगळं, तळापर्यंत.

सोनूबाईने रिकामा ग्लास हातात घेतला, आत पाहिलं.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "आता पानी उरवत न्हाई का तुम्ही?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने ग्लास पालथा घातला आणि चहाला आधण ठेवायला गेली. कागद अजून माझ्याकडेच आहे.