नसलेला जिना

चौकीतल्या कारकुनाने कुणावर कधी हात उगारला नाही, हे अगदी खरं. कोठडीत माणूस मेला की साहेब सांगायचे आणि हा मुकाट्याने लिहायचा, 'आरोपी जिन्यावरून पडला.' असे सहा झाले. मग चौकी बैठ्या इमारतीत आली, पण हाताची सवय सुटली नाही. सातवा होता एक सुतार. त्याच्या बहिणीच्या वकीलबाईंनी कोर्टात शांतपणे विचारलं, "जिना कुठे आहे हो तुमच्याकडे?"

कारकुनाने सगळं कबूल केलं आणि साहेब तुरुंगात गेले.

आता भर दुपारी डोळा लागला, की त्याला छतावरून पावलं उतरताना ऐकू येतात.

"अहो, वर कुणी नाही," बायको म्हणते.

"आहे. सहा उतरतात, सुतार वरच राहतो. त्याला जिना कुठला?"