तळघरातली खंडेनवमी

दसऱ्याच्या दिवशी कवठे महांकाळजवळच्या एका द्राक्षमळ्यात गेलो होतो. मालक सत्तरीचे, फौजेतून निवृत्त झालेले. घरच्या द्राक्षांची फेसाळती वाईन त्यांनी आठ वर्षं तळघरात मुरवली होती. बाटल्या तोंड खाली करून ठेवायच्या आणि रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ तोंडाशी जमतो आणि काढून टाकता येतो, असं ते सांगत होते. पुण्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

खाली गेलो, तर सगळ्या बाटल्या सरळ उभ्या होत्या. प्रत्येकीला कुंकू आणि झेंडूचं फूल.

"ह्या कुणी उभ्या केल्या?" मालकांनी विचारलं.

"मी," जिन्यावरून त्यांची पत्नी म्हणाली. "काल ट्रॅक्टर पुजला, फवारणीचा पंप पुजला. ह्या बाटल्यांनीच काय घोडं मारलंय? आन् डोक्यावर उभ्या असल्यावर कुंकू लावायचं कुठं?"

मालकांनी एक बाटली दिव्यासमोर धरली. तोंडाशी जमलेला गाळ परत मिसळून वाईन गढूळ झाली होती. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

"साहेब, दोन म्हयन्यांनी या. आजून मुरायची हाय."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. हे "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मग बाटल्या पुन्हा उलट्या लावता लावता मला हळूच म्हणाले, "आठ वर्सं थांबली, आजून दोन म्हयनं थांबंल. मला जेवायला आजच बसायचं हाय."

"पुढल्या साली बुडाला लावते कुंकू," वरून आवाज आला.

त्यांनी हातातल्या बाटलीचं बूड अंगठ्यानं पुसून पाहिलं.

"बुडाला चालंल," ते म्हणाले.